पदपथ, बसथांबा, सायकलपट्टी : रस्ता नवा होताना या चुका टाळा

कामाच्या फलकावर ‘पादचारी, सायकल व सार्वजनिक वाहतुकीसाठी रस्ता सुधारणा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. वर्षभराने तिथून जावं तर पदपथावर दुचाक्या, सायकलपट्टीत भाजीची हातगाडी आणि बस रस्त्याच्या मधोमध उभी. मग ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असं म्हणून सगळे मोकळे होतात. शिस्तीचा भाग आहेच. पण पुण्यातले गेल्या वीस वर्षांतले असे रस्ते नीट पाहिले तर सरळ भागात काम बहुतेक ठिकाणी बरं झालेलं दिसतं. फसतं ते जोडांवर, म्हणजे पदपथाला सोसायटीचं गेट भेटतं तिथे, सायकलपट्टीला बसथांबा आडवा येतो तिथे, बसची मार्गिका चौकात शिरते तिथे. नकाशावर या दोन रेषा गुण्यागोविंदाने भेटतात. प्रत्यक्षात माणूस अडतो, ठेचकाळतो आणि रस्त्यावर उतरतो तो नेमका त्याच जागी.

तुमच्या प्रभागात असं काम येऊ घातलं असेल, तर सिमेंट पडण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

डांबर आधी, पदपथ उरलेल्या जागेत

मूळ चूक मोजणीच्या क्रमात आहे. आधी मोटारींच्या मार्गिका आखायच्या आणि उरेल ते चालणाऱ्यांना द्यायचं. ‘जागाच नाही हो’ हे उत्तर याच क्रमातून येतं. उलट मोजून पाहा. रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत २४ मीटर आहे असं धरू. बसची रुंदी जास्तीत जास्त २.६ मीटर असते, त्यामुळे शहरात ३.२ मीटरची मार्गिका पुरेशी होते. अशा चार मार्गिकांना १२.८ मीटर लागतात आणि १.२ मीटरचा दुभाजक धरला तर १४. राहिले १० मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच. त्यात अडीच मीटर निव्वळ चालायला, एक मीटर झाडं, दिव्याचे खांब आणि फीडर पिलरला (वीजवाटपाच्या पेटीला), उरलेल्या दीड मीटरमध्ये सायकलपट्टी किंवा कडेचं पार्किंग. दोन्ही बसणार नाही, आणि पार्किंगही फक्त दुचाकींचं, तेही तिरकं. तेव्हा काय निवडायचं ते सभेत उघडपणे ठरवावं. न ठरवता दोन्हीचं आश्वासन दिलं की दोन्ही पदपथावर येऊन बसतात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, निवासी भागात किमान १.८ मीटर आणि व्यापारी भागात २.५ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. इथे वजन ‘मोकळी’वर आहे. तीन मीटरच्या पदपथाच्या मधोमध विजेचा डीपी बॉक्स असेल तर तो तीन मीटरचा पदपथ नव्हे. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ नव्याने केला तेव्हा बाक, झाडं आणि खेळणी यांची पट्टी वेगळी ठेवून चालण्याची पट्टी मोकळी सोडली. त्या रस्त्यावर गर्दीतही चालता येतं याचं मुख्य श्रेय मला या वेगळ्या पट्टीला द्यावंसं वाटतं, फरशीला नाही. अंदाजपत्रकात मात्र फरशीचाच आकडा सर्वांत मोठा असतो आणि उद्घाटनाच्या फोटोतही तीच चमकते.

बससाठी खाच काढणं

अनेकांना अजूनही सुधारणा वाटणारी ही चूक आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. पदपथ आत कापून बससाठी खाच करायची, म्हणजे मागची वाहतूक अडत नाही, असा हिशोब असतो. होतं काय? ती खाच सकाळी नऊच्या आत रिक्षांनी आणि पार्सलवाल्यांनी भरलेली असते. ती रिकामी असली तरी चालक आत शिरायला धजत नाही, कारण एकदा शिरला की बाहेर पडायला त्याला कोणी वाट देत नाही. मग तो बस तिरकी उभी करतो, निम्मी आत आणि निम्मी बाहेर. प्रवासी रस्त्यावर उतरून तिच्याकडे धावतात आणि डावीकडून घुसणारी दुचाकी त्यांच्या अंगावर येते. वर ज्या पदपथाची जागा खाचेने खाल्ली, तिथेच बसची वाट पाहणाऱ्यांची गर्दी सर्वांत जास्त असते.

उपाय याच्या नेमका उलट आहे. थांब्यापाशी पदपथ बाहेर काढून थेट मार्गिकेच्या कडेला भिडवायचा. बस आपल्या रेषेतच थांबते, दार पदपथाला लागतं आणि थांब्याच्या जागी पार्किंग करायला मोकळा कोपराच उरत नाही. मागच्या मोटारी पंधरा-वीस सेकंद थांबतात हे खरं. पण बसमध्ये पन्नास माणसं असतात, हा हिशोब नगरसेवकांसमोर मांडायला हरकत नाही.

थांब्याची उंचीही बघावी. आपल्याकडच्या शहर बसच्या आतली जमीन रस्त्यापासून साधारण ४०, ६५ किंवा ९० सेंटिमीटर उंच असते. साध्या थांब्यावर ९० सेंटिमीटरच्या बसमध्ये चढायचं म्हणजे साडी सावरत तीन पायऱ्या. म्हणून त्या मार्गावर कोणती बस धावणार हे पीएमपीला, म्हणजे पुण्याची शहर बस चालवणाऱ्या कंपनीला, विचारल्याशिवाय फलाटाची उंची ठरवू नये. रस्त्याचं खातं एक, बस चालवणारी कंपनी दुसरी आणि थांब्याच्या शेडचं कंत्राट जाहिरातीच्या हिशोबाने तिसऱ्याकडे, अशी विभागणी असल्याने हा साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. शेडचंही तेच. पाठीमागच्या जाहिरातीला दर्शनी जागा हवी म्हणून शेड पदपथाच्या मध्यावर उभी राहते आणि चालणाऱ्याला रस्त्यावरून वळसा पडतो. शेडच्या मागून किंवा पुढून १.८ मीटर मोकळं राहतं का, हे टेपने मोजा.

थांबा शक्यतो सिग्नल ओलांडल्यावर ठेवावा. सिग्नलच्या अलीकडे ठेवला की बस प्रवासी घेऊन होईपर्यंत हिरवा जातो आणि ती लाल दिव्याला पुन्हा थांबते.

पदपथ चढ-उताराचा

आजोबा पदपथ सोडून कडेने चालत असतील तर त्यांना दोष देण्याआधी त्या शंभर मीटरमध्ये किती वेळा उतरावं-चढावं लागतं ते मोजा. दर गेटपाशी पदपथ खाली उतरतो, पुन्हा वर चढतो. त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आयआरसी सांगते. आपल्याकडे ती वाढते, कारण ‘उंच केला की गाड्या चढणार नाहीत’ असा समज आहे. गाड्या चढतातच, फक्त गुडघेदुखी असलेली माणसं चढत नाहीत.

गेटपाशी पदपथ त्याच पातळीवर पुढे न्यायचा आणि मोटारीने चढावं. तिच्यासाठीचा छोटा उतार कडेच्या, खांब आणि झाडांच्या पट्टीत बसतो. चौकात मात्र चालणाऱ्यांसाठी उतार हवा आणि तो १:१२ चा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १.८ मीटर लांबीचा. साठ सेंटिमीटरमध्ये उरकलेला उतार व्हीलचेअरच्या नव्हे, घसरगुंडीच्या कामाचा.

पिवळ्या फरशांबद्दलही एक सांगायला हवं. लांब रेघांची फरशी म्हणजे चालत राहा, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. दृष्टिहीन माणूस पायाने आणि काठीने हे वाचतो. कंत्राटदाराला बहुधा तो पिवळा रंग वाटतो. मग रेघांची फरशी नेऊन थेट झाडाच्या बुंध्याला भिडवलेली दिसते. अशी चुकीची फरशी नसलेल्या फरशीपेक्षा घातक, कारण त्या माणसाने तिच्यावर विश्वास टाकलेला असतो.

मध्येच संपणारी सायकलपट्टी

पुण्याने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्याआधीच्या बीआरटीच्या, म्हणजे बससाठीच्या स्वतंत्र मार्गिकांच्या, कामांतही सायकलपट्ट्या झाल्या. त्यातल्या कित्येक आज ओळखूही येत नाहीत. पदपथाच्याच पातळीवर वेगळ्या रंगाच्या ब्लॉकची पट्टी काढली की ती चालणाऱ्यांची होते. त्यात त्यांचं चुकत नाही, कारण त्यांचा पदपथ आधीच फीडर पिलरने अडवलेला असतो. पट्टी पदपथापेक्षा थोडी खाली आणि मोटारींच्या रस्त्यापेक्षा वर असावी. रुंदी शक्यतो दोन मीटर, म्हणजे एका सायकलला दुसरीला मागे टाकता येतं. बसथांब्यापाशी ती शेडच्या मागून न्यावी, नाहीतर उतरणारे प्रवासी थेट सायकलसमोर येतात. आणि पावसाळी चेंबरच्या जाळीचे गज सायकलच्या दिशेला आडवे बसवावेत. उभे असले तर पुढचं चाक आत जातं आणि माणूस हँडलवरून पुढे.

जिथे दीड मीटरही निघत नाही तिथे पट्टीचा हट्ट सोडावा. आतल्या गल्लीत मोटारींचा वेग उतरवला तर सायकल वेगळ्या पट्टीशिवायही चालते.

चौक

कोपऱ्याचं वळण मोठं ठेवलं की दुचाकी वेग कमी न करता डावीकडे वळते आणि झेब्रावरच्या माणसाला उडी मारावी लागते. कोपरा आवळला की वेग आपोआप उतरतो. ‘बस वळणार नाही’ ही शंका लगेच येते. तिला उत्तर सोपं आहे. फक्कीने नवा कोपरा आखा, बॅरिकेड लावा, डेपोतून एक बस मागवा आणि वळवून बघा.

सिग्नलचे सेकंदही मोजावेत. १४ मीटरचा रस्ता ओलांडायला सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या तरुणाला १२ सेकंद लागतात, ०.८ मीटरने चालणाऱ्या वृद्धाला १७-१८. एवढे सेकंद मिळत नसतील तर दुभाजकात उभं राहायला जागा हवी आणि ती लहान मुलाची गाडी मावेल एवढी. पादचारी पूल हा यावरचा उपाय नव्हे. चाळीस पायऱ्या चढून चाळीस उतरायच्या, तेही फक्त मोटारींचा वेग कमी होऊ नये म्हणून, हे पटत नसल्याने लोक खालूनच जातात. झेब्रा पदपथाच्या पातळीला उचलला तर तोच गतिरोधकही होतो. रम्बलरच्या, म्हणजे गाडीला हादरे देणाऱ्या, पट्ट्या ठोकून कंबर मोडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

दुचाक्या आणि पथारीवाले

दुचाकी रोखायला लोखंडी बोलार्ड, म्हणजे आखूड खांब, लावतात. व्हीलचेअरसाठी दोन बोलार्डमध्ये किमान ९० सेंटिमीटर सोडावे लागतात आणि तेवढ्यातून दुचाकी आरामात जाते. म्हणजे बोलार्ड मोटारी थांबवतात, दुचाक्या नाही. नागमोडी लोखंडी अडथळे दुचाकी थांबवतात, पण त्यांच्याबरोबर व्हीलचेअरही थांबते. इथे दंडाला पर्याय नाही, अभियंत्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

पथारीवाल्यांना नकाशात जागाच न देणं ही मात्र अभियंत्याची चूक. २०१४ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, शहर फेरीवाला समिती आहे. बसथांब्यापाशी भाजी, चहा, वडापाव येणारच. झाडांच्या पट्टीत त्यांची जागा आखली नाही तर ते चालण्याच्या पट्टीत बसतील.

बीआरटीने काय दाखवलं

पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा प्रायोगिक बीआरटी मार्ग सुरू झाला. बससाठी स्वतंत्र मार्गिका ही कल्पना चांगलीच होती. पण मार्गिका सलग नव्हती. चौकात, पुलापाशी ती तुटायची आणि बस पुन्हा गर्दीत. शिवाय रस्त्याच्या मध्यावरच्या थांब्यापर्यंत पोहोचायला प्रवाशाला वेगातली वाहतूक ओलांडावी लागे. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडमधले मार्ग आले, तेव्हा बंदिस्त स्थानकं आणि बसच्या आतल्या जमिनीशी समपातळीत फलाट अशा बऱ्याच गोष्टी सुधारल्या होत्या. तरीही नगर रस्त्यावरचा मार्ग नंतर काढून टाकावा लागला. ‘बीआरटी आपल्याकडे चालत नाही’ हा निष्कर्ष घाईचा आहे. तीन किलोमीटर सलग मार्गिकेपेक्षा जिथे कोंडी होते त्या तीनशे मीटरमध्ये आणि चौकात बसला आधी सोडणं जास्त वेळ वाचवतं. नेमका तोच तुकडा कठीण म्हणून सोडला जातो.

काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर

आडवा छेद, म्हणजे रस्त्याच्या रुंदीत काय कुठे बसतं ते दाखवणारं चित्र, मागून घ्या, दर शंभर मीटरचा. एकच ‘नमुना छेद’ दाखवत असतील तर समजा की अरुंद जागेचं काय करायचं ते ठरलेलं नाही. त्यावर सध्याची झाडं, खांब, चेंबर दाखवलेत का ते पाहा. पाणी, ड्रेनेज, वीज, इंटरनेट यांचे डक्ट (जमिनीखालच्या नळ्या) आधी आणि पृष्ठभाग शेवटी, हा क्रम लेखी घ्या, नाहीतर नवा पदपथ पहिल्याच वर्षी उकरला जातो. औंधच्या डीपी रस्त्यावर २०१६ मध्ये पक्क्या कामाआधी तात्पुरती मांडणी करून पाहिली होती. दुकानदारांची भांडणं तेव्हाच झालेली बरी, बॅरिकेड हलवता येतं.

काम चालू असताना चालणाऱ्यांसाठी तात्पुरती वाट आणि हलवलेल्या थांब्याची पाटी ही कंत्राटातली बाब आहे, उपकार नाही. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढवण्याआधी जुना खरवडला का तेही बघावं. रस्ता दरवेळी दोन बोटं वर येतो आणि पाणी दुकानात शिरतं.

काम संपल्याची तारीख आणि दोष दायित्व कालावधी लिहून ठेवा. त्या मुदतीत उखडलेला ब्लॉक आणि खचलेलं चेंबर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. पहिल्या पावसानंतर एक फेरी मारा, पाणी साचलेल्या जागांचे फोटो काढा आणि क्षेत्रीय कार्यालयात पोच घेऊन अर्ज द्या. पुण्यात नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं महापालिकेच्या अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत २००६ पासून आहे. त्यात दरवर्षी पेव्हर ब्लॉक बदलण्याच्या मागण्यांचा ढीग पडतो. त्याऐवजी शाळेसमोर एक उचललेला झेब्रा मागा.