जायबंदी ज्येष्ठ खेळाडूला नारळ द्यावा का, हे कसे ठरवावे

मुंबईच्या फुटबॉलमध्ये हा प्रश्न एकेकाळी इतका टोकदार नव्हता. टाटा, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, एअर इंडिया, रेल्वे अशा कंपन्यांच्या आणि कार्यालयांच्या संघांत खेळणारे अनेक जण आधी नोकरदार असत आणि मग फुटबॉलपटू. त्यामुळे एखाद्याचा गुडघा गेला तर तो कूपरेजच्या मैदानावरून आपल्या टेबलाकडे परतत असे, पगार चालू राही आणि संघ त्याच्या जागी दुसरा खेळाडू उभा करी. आता व्यावसायिक संघातील खेळाडूचे क्लबशी असलेले नाते कराराचे आहे आणि त्याला शेवटची तारीख आहे. तिशी ओलांडलेला, लोकप्रिय आणि वारंवार जखमी होणारा खेळाडू ठेवायचा की सोडायचा, हे क्लबच्या व्यवस्थापन समितीला बैठकीत बसून ठरवावेच लागते, आणि त्या बैठकीत बहुधा एक बाजू त्याच्या जुन्या गोलांविषयी बोलते तर दुसरी त्याच्या पगाराविषयी. हे दोन्ही विषय खरे तर नंतरचे आहेत.

आधी वेळेविषयी. दुखापतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा निर्णय घेऊ नये. सूज उतरलेली नसते, गुडघा नीट तपासता येत नाही आणि समितीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर स्ट्रेचरवरून बाहेर जाणारा खेळाडू असतो. मी ज्या क्लबच्या समितीवर होतो तिथे एका मध्यरक्षकाला आम्ही एका एक्स-रेच्या आणि एका पराभवाच्या जोरावर सोडले. पुढच्या हंगामात तो आमच्याच विरुद्ध पूर्ण नव्वद मिनिटे खेळला. एक्स-रेमध्ये हाड दिसते, लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे) आणि कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे आवरण) दिसत नाहीत, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणी विचारली नव्हती. उलट चूकही तितकीच घातक असते: सहा महिन्यांनी परतलेला खेळाडू पहिल्याच सामन्यात गोल करतो आणि त्या आनंदात समिती दोन वर्षांचा करार देऊन मोकळी होते.

दुसरे म्हणजे ‘दुखापत’ हा शब्द बैठकीत सुटा वापरू देऊ नये. नेमके काय फाटले, किती फाटले आणि त्याच जागी यापूर्वी काय झाले होते, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्यावे, आणि क्लबशी संबंध नसलेल्या दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचे मतही घ्यावे. मात्र हे सर्व खेळाडूच्या लेखी संमतीने, कारण ते अहवाल त्याचे आहेत. गुडघ्यातील एसीएल नावाचे लिगामेंट तुटले असेल तर परतण्यास साधारण नऊ महिने धरावेत, आणि हा आकडा डॉक्टरांच्या अतिसावधपणातून आलेला नाही: २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की नवव्या महिन्यापर्यंत परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचा दर जवळजवळ निम्म्याने घटतो. म्हणजे सहाव्या महिन्यात खेळाडूला मैदानात ओढणारी समिती पुढच्या हंगामाची दुखापत आजच विकत घेत असते. मांडीच्या मागच्या स्नायूची, म्हणजे हॅमस्ट्रिंगची दुखापत वरवर किरकोळ वाटते, पण ज्याला ती एकदा झाली त्याला ती पुन्हा होण्याचा धोका बराच वाढतो आणि वय तो धोका आणखी वाढवते. युरोपातील व्यावसायिक क्लबांच्या दीर्घ पाहणीत एकूण दुखापतींमधील हॅमस्ट्रिंगचा वाटा २००१-०२ मधील १२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये २४ टक्क्यांवर गेलेला आढळला. म्हणजे ही केवळ आपल्या म्हाताऱ्या ताऱ्याची तक्रार नाही, खेळाचा वेगच वाढला आहे.

या सर्वांत ज्या दुखापतीने मला खरी चिंता वाटते ती सांध्यातील कूर्चेची झीज. लिगामेंट नवे बसवता येते, फाटलेला स्नायू भरून येतो, परंतु गुडघ्यातील गुळगुळीत कूर्चा एकदा झिजली की ती पूर्ववत होत नाही, आणि असा खेळाडू सामना खेळतो खरा, पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजलेला असतो आणि पुढचे तीन दिवस सराव बंद. म्हणून डॉक्टरांना ‘हा खेळू शकेल का’ असे विचारण्याऐवजी ‘आठवड्याला एक सामना आणि चार सराव, असे सलग दहा आठवडे याला झेपेल का’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला जवळजवळ नेहमीच होकार मिळतो. आमचे एक जुने फिजिओ याहून साधी परीक्षा सांगत: सामन्यानंतरच्या सकाळी हा माणूस दादरच्या पुलाचा जिना कठड्याला न धरता उतरतो का, ते पाहा. वैद्यकीय अहवालाची जागा ही परीक्षा घेऊ शकत नाही, पण खेळाडू स्वतः जे लपवतो ते ती सांगते.

मिनिटांची वही

निर्णयाचा कणा मात्र वेगळ्याच कागदावर असतो, आणि बहुतेक क्लबांकडे तो कागदच नसतो. मागच्या दोन हंगामांतील प्रत्येक सामन्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: त्या आठवड्यात खेळाडूने पूर्ण सराव केला का, तो किती मिनिटे खेळला आणि सामन्यानंतर पुढचा पूर्ण सराव त्याने किती दिवसांनी केला. समजा हंगामात २४ सामने आहेत, म्हणजे २,१६० मिनिटे. करार बारा लाखांचा असेल तर सर्व सामने खेळणारा खेळाडू क्लबला सामन्यामागे पन्नास हजारांना पडतो. आठच सामने खेळणारा दीड लाखाला. पण पैशांपेक्षाही महत्त्वाचा आकडा म्हणजे सलग उपलब्धता. आठ सामने सलग खेळून मग बाहेर बसलेला आणि तिसऱ्या, सातव्या, अकराव्या सामन्याला अधूनमधून उगवणारा, हे दोन खेळाडू बेरजेत सारखे दिसतात, परंतु दुसऱ्याच्या भोवती प्रशिक्षकाला संघच बांधता येत नाही. दर गुरुवारी दोन वेगवेगळ्या रचनांचा सराव घ्यावा लागतो आणि त्याच्या जागी खेळणाऱ्या तरुणाला आपण शनिवारी मैदानात असू की बाकावर, हे शेवटपर्यंत कळत नाही.

वहीत घसरण दिसत असेल, म्हणजे दोन हंगामांत मिनिटे निम्म्यावर आली असतील आणि दुखापतींची जागा बदलत राहिली असेल (आज पोटरी, महिन्याने मांडी, मग कंबर), तर एकाच मोठ्या अपघाती दुखापतीपेक्षा हे लक्षण वाईट समजावे. कोणी अंगावर आदळून मोडलेले हाड हा एक प्रसंग असतो. बदलत्या जागी धरणारे स्नायू शरीराची दमछाक सांगतात.

केवळ वयाने काही ठरत नाही, याचे उदाहरण मुंबईतच आहे. इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी क्लबने २०१४ मध्ये आणलेला स्वीडनचा फ्रेडी ल्युंगबर्ग ३७ वर्षांचा होता आणि दुखापतींमुळे मोजक्याच सामन्यांत थोडा वेळ दिसला. त्याच क्लबने २०१६ मध्ये आणलेला उरुग्वेचा दिएगो फोरलान हाही ३७ वर्षांचाच होता, पण त्याने केरळा ब्लास्टर्सविरुद्ध तीन गोल केले आणि मुंबईचा संघ साखळीत अव्वल ठरला. पेठेत दोघांचे नाव तितकेच मोठे होते. फरक होता तो मैदानावर उभे राहण्याच्या मिनिटांचा. सुनील छेत्री तर आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून २०२४ मध्ये निवृत्त होऊन २०२५ मध्ये, चाळिशीत, भारतीय संघात परत आला. जागेचाही विचार करावा: बगलेवरून धावणाऱ्या विंगरचा वेग गेला की त्याचा बहुतेक खेळच गेला, तर मध्यभागी उभा राहून चेंडू वाटणारा किंवा गोलरक्षक पुढची काही वर्षे डोक्याने काढू शकतो. एसी मिलानने २०११ मध्ये, दुखापतींनी ग्रासलेल्या हंगामानंतर ३२ वर्षांच्या आंद्रेआ पिर्लोला जाऊ दिले आणि युव्हेंटसने त्याला घेऊन पुढील चारही वर्षे इटालियन लीग जिंकली. पण याच्या उलट, रिआल माद्रिदने २०२१ मध्ये ३५ वर्षांच्या सर्जिओ रामोससाठी एका वर्षाच्याच कराराची आपली अट सोडली नाही. तो पॅरिसला गेला आणि पोटरीच्या दुखापतीमुळे तिथला पहिला सामना खेळायला त्याला नोव्हेंबरअखेर उजाडली. पिर्लोचे उदाहरण देणाऱ्या सभासदाला रामोसचेही द्यायला लावावे.

करार काय म्हणतो

खेळाडू जखमी आहे म्हणून करार एकतर्फी मोडता येतो, असा समज आपल्याकडे आश्चर्य वाटावे इतका पसरलेला आहे. फिफाच्या नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूचा करार मुदत संपल्यावर किंवा दोघांच्या संमतीने संपतो. त्याआधी तो मोडायचा तर न्याय्य कारण लागते, आणि क्लबसाठी खेळताना झालेली दुखापत हे तसे कारण नाही. कारण नसताना मोडला तर भरपाई द्यावी लागते. दोन महिन्यांचा पगार थकवला तर खेळाडूच नोटीस देऊन बाहेर पडू शकतो, तोही भरपाई मागत. आणखी एक प्रकार मी पाहिला आहे, तो सांगताना संकोच वाटतो: खेळाडूने आपणहून जावे म्हणून त्याला संघापासून तोडून एकट्याला सरावाला लावायचे, ड्रेसिंग रूममधली त्याची जागा काढून घ्यायची. असा छळ करून करार संपवायला भाग पाडणे हेही नियमांत गैर धरलेले आहे.

म्हणून मुदत उरलेली असेल तर प्रश्न ‘सोडावे का’ असा राहत नाही, तो ‘उरलेल्या पगारातून किती देऊन संमतीने मोकळे व्हावे’ असा होतो, आणि त्याचा हिशोब पुढच्या खेळाडूच्या खर्चासह मांडावा लागतो. दुखापत राष्ट्रीय संघाकडून खेळताना झाली असेल तर आधी फिफाची क्लब संरक्षण योजना लागू होते का ते पाहावे; २८ दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या खेळाडूच्या पगाराची भरपाई तीतून क्लबला मिळू शकते. परदेशी खेळाडू असेल तर आकडेमोड आणखी कठोर होते, कारण त्यांच्या जागा मोजक्या असतात आणि बाकावर बसलेला तारा एक अख्खी जागा अडवून बसतो. आपल्या लीगच्या नियमांत जखमी खेळाडूची नोंदणी काढून बदली घेता येते का, हे नोंदणीची मुदत संपण्याआधी वाचावे.

जिल्हा पातळीवर, म्हणजे मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या खालच्या विभागांत, अनेकदा लेखी करारच नसतो. तिथे सोडणे म्हणजे पुढच्या वर्षी नोंदणी न करणे, इतके सोपे. पण क्लबच्या जर्सीत फाटलेल्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार, हे त्या आधी मिटवावे. कायद्यात बसो वा न बसो, मोहल्ल्यातली पुढची पोरे आपल्या क्लबकडे यावीत की नाहीत, ते यावरच ठरते.

मधला रस्ता

ठेवणे आणि सोडणे यांच्यामध्ये जागा असते. एप्रिल २०१७ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून खेळताना झ्लाटान इब्राहिमोविचचे गुडघ्याचे लिगामेंट तुटले तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. क्लबने जूनअखेर करार संपू दिला, उपचार चालू राहिले आणि ऑगस्टमध्ये एका वर्षाचा नवा करार केला. तो त्या हंगामात फारसा खेळला नाही आणि मार्चमध्ये लॉस एंजेलिसला गेला, तिथे पहिल्याच सामन्यात बदली उतरून त्याने दोन गोल केले. दोन्ही बाजूंनी वेळ विकत घेतला होता, आणि कोणालाही खोटे बोलावे लागले नाही. आपल्याकडे याचा साधा अवतार असा करता येतो: मूळ पगार कमी, खेळलेल्या सामन्यामागे ठरलेली रक्कम, करार एका हंगामाचा, आणि डिसेंबरमध्ये वही समोर ठेवून दोघांनी पुन्हा बसायचे. ज्याला स्वतःच्या शरीराची खात्री आहे तो हे स्वीकारतो. जो ठाम नकार देतो त्याने बहुधा आपल्या गुडघ्याचे उत्तर दिलेले असते. प्रशिक्षकपदाचे आमिष मात्र सांत्वन म्हणून दाखवू नये. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी परवाना काढायची त्याची स्वतःची इच्छा असेल तर फी क्लबने भरावी, पण ज्याला अजून खेळायचे आहे त्याच्या हातात शिट्टी आणि शंकू दिले की तो कडवटपणा चौदा वर्षांखालील मुलांपर्यंत झिरपतो.

सोडायचे ठरले तर ते त्याला मुख्य प्रशिक्षक आणि अध्यक्ष या दोघांनी समोर बसून सांगावे, व्हॉट्‌सअ‍ॅपवर नाही आणि ज्या दिवशी नवा खेळाडू जाहीर होणार त्याच्या किमान काही दिवस आधी. कारण एकच सांगावे आणि ते वहीतले असावे. ‘तुझी गरज संपली’ आणि ‘दोन हंगामांत तू नऊशे मिनिटे उपलब्ध होतास’ या वाक्यांतला फरक त्याला आयुष्यभर लक्षात राहतो. निरोपाचा सामना द्यायचा असेल तर तो घरच्या मैदानावर आणि त्याच्या गुडघ्याला झेपेल तेवढ्याच मिनिटांचा असावा. आणि त्याच दिवशी त्याच्या हातात दोन कागद ठेवावेत: एक ना-हरकत पत्र, ज्यात कोणतीही थकबाकी नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल, आणि दुसरी त्याच्या एमआरआय व शस्त्रक्रियेच्या अहवालांची पूर्ण फाइल, कारण पुढच्या क्लबचा डॉक्टर सर्वांत आधी तीच मागणार असतो.