घाटमाथ्यावरची स्वस्त सहल : आखणी शेवटच्या टप्प्यापासून करावी

मुंबईकराला डोंगर फारसा लांब नाही. मध्य रेल्वेची लोकल एकीकडे कर्जत-खोपोलीपर्यंत आणि दुसरीकडे कसाऱ्यापर्यंत जाते, पश्चिम रेल्वेची लोकल डहाणू रोडपर्यंत पोहोचते, आणि या प्रवासाचे दुसऱ्या वर्गाचे साधे तिकीट पन्नास रुपयांच्या आत मिळते. तरीही चौघांच्या कुटुंबाने दोन दिवसांची सहल काढली की ठरवलेली रक्कम बहुधा अपुरी पडते. याचे कारण मी अनेक सहलींच्या वहीत शोधले, आणि ते दर वेळी एकाच ठिकाणी सापडले. शंभर किलोमीटरच्या रेल्वेला जितके पैसे लागत नाहीत, त्याच्या कितीतरी पट पैसे स्थानकापासून वरच्या गावापर्यंतच्या शेवटच्या दहा-वीस किलोमीटरांत जातात, कारण तिथे पोहोचेपर्यंत आपण थकलेलो असतो, मुले भुकेलेली असतात आणि समोर उभी असलेली गाडी सांगेल तो दर मान्य करण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून सहलीची आखणी मुंबईच्या बाजूने सुरू न करता वरच्या गावापासून खाली उतरत करावी, असे मी आवर्जून सांगतो.

गावाची निवड

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रेल्वे आणि एसटी या दोहोंनी गाठता येईल असे गाव घ्यावे. मुंबईहून दोन दिवसांत होण्यासारखी तीन ठिकाणे मला सर्वांत सोयीची वाटतात : नेरळवरून माथेरान, इगतपुरी किंवा कसाऱ्यावरून भंडारदरा, आणि पालघर किंवा डहाणू रोडवरून जव्हार. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे आणि तिथे मोटारींना बंदी असल्याने वर गेल्यावर फिरण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. तीसहून अधिक पॉइंट, शार्लट तलाव आणि झाडीतल्या लाल मातीच्या वाटा, हे सारे पायी पाहायचे असते. भंडारदऱ्याला 1926 साली पूर्ण झालेले विल्सन धरण, त्यामागचा जलाशय, रंधा धबधबा आणि रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आहे, आणि 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर जवळच आहे. मात्र ही ठिकाणे एकमेकांपासून लांब असल्याने तिथे स्थानिक गाडीचा खर्च धरावाच लागतो. जव्हार हे मुकणे राजघराण्याच्या संस्थानाचे गाव. जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा आणि वारली चित्रांची परंपरा असूनही तिथे माथेरान-लोणावळ्यासारखी झुंबड नसते, आणि ज्यांना शांतता हवी आहे त्यांनी तर आधी जव्हारचाच विचार करावा.

महाबळेश्वर-पाचगणी मनात असेल, तर दोनऐवजी तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत आणि एक पर्याय गांभीर्याने तपासावा : पसरणी घाटाच्या पायथ्याशी वाईला मुक्काम करून वर जाऊन येणे. वाईहून पाचगणी साधारण 12 किलोमीटर आणि महाबळेश्वर 32 किलोमीटर आहे, एसटीच्या फेऱ्या बऱ्याच असतात, आणि खाली राहिल्यामुळे कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा ओघातच पाहून होतो. महाबळेश्वरच्या पहाटेच्या धुक्याला मात्र मुकावे लागते. त्या धुक्यासाठीच जाणार असाल, तर एक रात्र वर आणि उरलेल्या रात्री खाली, अशी विभागणी करावी.

शेवटचा टप्पा कागदावर उतरवावा

गाव ठरल्यावर वहीचे एक पान घेऊन त्यावर मधोमध रेघ ओढावी. डावीकडे जाण्याचा आणि उजवीकडे येण्याचा शेवटचा टप्पा लिहावा. त्यात वाहन कोणते, ते कुठून सुटते, किती माणसांवर सुटते, माणशी दर किती आणि शेवटची फेरी किती वाजता, या पाच गोष्टी असाव्यात. ही माहिती राहण्याच्या ठिकाणी फोन करून विचारावी, कारण गावातल्या माणसाला ती रोजच्या व्यवहारातून ठाऊक असते.

माथेरानचे उदाहरण घेऊ. नेरळ स्थानकाबाहेर शेअर टॅक्सी मिळते आणि ती दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. त्यापुढे मोटार जात नाही. नाक्यावर प्रवेशकर भरून बाजारपेठेपर्यंत अडीच किलोमीटरच्या आसपास पायी चालावे लागते, किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकावरून शटल गाडी घ्यावी लागते. ई-रिक्षाही आहेत, पण गर्दीच्या दिवशी त्यांच्यावर विसंबून वेळेचा हिशेब करू नये. घोडा आणि हमाल हे दोन खर्च बहुतेकांच्या अंदाजपत्रकात नसतात, आणि ते टाळण्याचा उपाय घरीच करायचा असतो : प्रत्येकाने पाठीवर नेता येईल एवढीच सॅक घ्यावी. चाकांची बॅग त्या चढावर आणि लाल मातीत ओढत नेता येत नाही, आणि मग एका बॅगेसाठी जाताना व येताना असे दोनदा पैसे मोजावे लागतात.

1907 साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान छोट्या गाडीची हौस सर्वांनाच असते आणि ती असावीच. सुमारे 21 किलोमीटरचा तो वळणावळणांचा मार्ग एकदा तरी अनुभवण्यासारखा आहे. पण तिच्यातल्या जागा मोजक्या असतात, वर जायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवला जातो. म्हणून आखणी टॅक्सीची करावी आणि गाडीचे तिकीट मिळाले तर तो आनंद वरचा समजावा.

भंडारदऱ्यासाठी कसारा किंवा इगतपुरीहून घोटीपर्यंत शेअर जीप किंवा एसटी आणि घोटीहून भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाकडे जाणारी एसटी, असा दोन टप्प्यांचा मार्ग पडतो. स्थानकावरून थेट भंडारदऱ्यापर्यंत पूर्ण गाडी ठरवणे सोपे असते. पण चार जणांपेक्षा कमी माणसे असतील तर ते परवडत नाही. चार ते सहा जणांचा गट हा डोंगरातल्या सहलीला सर्वांत किफायतशीर, कारण एक जीप भरते आणि दोन खोल्यांत सगळे मावतात.

तारखा

शनिवारच्या रात्रीचा दर आणि मंगळवारच्या रात्रीचा दर यांत कित्येक ठिकाणी जवळजवळ दुपटीचा फरक असतो. रजा मिळत असेल तर रविवारी दुपारी वर जावे आणि मंगळवारी सकाळी उतरावे. शनिवार-रविवारची गर्दी खाली येत असताना आपण चढत असतो आणि खोलीसाठी बोलणी करायला वाव राहतो. जोडून आलेल्या सुट्ट्या, दिवाळीनंतरचा आठवडा, नाताळ ते नववर्ष आणि मे महिना हा काळ टाळावा.

पावसाळ्यात दर उतरतात, पण पावसाळी सहलीला स्वस्त समजण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. घाटात दरड कोसळली तर एक रात्र जास्त राहावे लागू शकते, म्हणून त्या एका रात्रीचे पैसे बाजूला ठेवूनच निघावे. दुसरे असे की, धबधब्यांवर आणि धरणांच्या परिसरात जिल्हा प्रशासन अनेकदा बंदीचे आदेश काढते. हे आदेश जीव वाचवण्यासाठी असतात आणि ते पाळलेच पाहिजेत. काजव्यांसाठी भंडारदरा परिसरात मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फार गर्दी होते. तो परिसर अभयारण्याचा आहे. जायचेच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, वनविभागाने सांगितलेल्या वाटेवरच थांबावे आणि टॉर्च व गाडीचे दिवे बंद ठेवावेत. माझ्या मते पैसा, हवा आणि निवांतपणा या तिन्हींचा मेळ जुलैच्या मुसळधार पावसापेक्षा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि जानेवारीच्या मध्यानंतर अधिक चांगला बसतो.

मुक्काम

खोलीचा दर विचारताना फोनवर पुढील प्रश्न एकामागून एक विचारावेत. दर खोलीचा आहे की माणशी? त्यात जेवण आहे का? (माथेरानात अनेक ठिकाणी माणशी, जेवणासह दर सांगितला जातो आणि तो ऐकताना महाग वाटला तरी हिशेबात परवडतो.) कर धरून सांगितला आहे का? जादा गादीचे किती? गरम पाणी किती वाजेपर्यंत? खोली किती वाजता सोडावी लागते? डोंगरातल्या बऱ्याच ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच खोली रिकामी करावी लागते. तसे असेल तर सामान ठेवायला जागा मिळेल का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. ‘स्टँडपासून पाच मिनिटे’ असे उत्तर आले, तर पायी पाच की गाडीने पाच, हे स्पष्ट करून घ्यावे.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने माथेरान, महाबळेश्वर आणि भंडारदरा येथे आहेत. त्यांच्या जागा मोक्याच्या असल्याने आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी आधी तिथे चौकशी करावी. त्यानंतर घरगुती निवास पाहावेत. आगाऊ रक्कम पूर्ण भरू नये. इंटरनेटवर सापडलेला एखादा क्रमांक घेऊन कोणी ताबडतोब सगळे पैसे पाठवण्याचा आग्रह धरत असेल, तर तो व्यवहार सोडून द्यावा, कारण नामांकित निवासांच्या नावाने खोटे क्रमांक टाकून फसवणूक झाल्याचे प्रकार घडतात.

एसटीच्या सवलती

घरातली माणसे नीट मोजली तर एसटीचा प्रवास आश्चर्य वाटावे इतका स्वस्त पडतो. राज्यात महिलांना तिकिटात 50 टक्के सवलत आहे, 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट लागते. म्हणजे 76 वर्षांची आजी, आई, बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले तर सगळ्यांचे मिळून पैसे फक्त दोन पूर्ण तिकिटांएवढेच होतात. आजींचे ओळखपत्र मात्र हाताशी असावे. तीन-चार दिवस रोज एसटीने हिंडायचे असेल, तर ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेचे चार आणि सात दिवसांचे पास मिळतात. एकाच गावात बसून राहायचे असेल तर त्यांचा उपयोग नाही.

रेल्वेच्या आरक्षित गाडीने जाणार असाल, तर आरक्षण 60 दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवून वहीत तशी तारीख लिहावी.

जेवण

पहिल्या दिवशीचा सकाळचा डबा घरून न्यावा : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचे लोणचे, उकडलेली अंडी. वर सगळा माल चढवून न्यावा लागत असल्याने माथेरानसारख्या ठिकाणी बाटलीबंद पाणीसुद्धा खालच्यापेक्षा महाग मिळते. प्रत्येकाने स्वतःची बाटली न्यावी आणि मुक्कामी भरून घ्यावी.

पण सगळ्याच जेवणांत काटकसर करू नये. शेंडीत एका घरी आम्ही सकाळी निघताना तिथल्या मावशींनी ओट्यावरून विचारले, “रात्रीच्याला किती भाकरी टाकू?” आम्ही दहा सांगितल्या. रात्री परतलो तेव्हा चुलीपाशी तव्यावरून उतरलेली नाचणीची भाकरी टोपलीत फडक्याखाली होती, लोखंडी कढईत पिठले रटरटत होते आणि पाट्यावर वाटलेला ठेचा वेगळ्या वाटीत काढून ठेवला होता. पाच जणांच्या त्या जेवणाचे जितके पैसे झाले, तितक्यात रस्त्यावरच्या हॉटेलात दोघांचेही झाले नसते. अशा घरांत किराणा मोजून आणलेला असतो, म्हणून जेवणार किती जण आणि किती वाजता, हे सकाळीच सांगावे, आणि सांगितल्यावर ते मोडू नये. इथे घासाघीसही करू नये.

परतीची गाडी

गावात पाऊल टाकल्याबरोबर पहिले काम परतीचे करावे. एका रविवारी आम्ही घाटातल्या एका गावी मोबाइलवर दिसलेल्या वेळेवर भरवसा ठेवून संध्याकाळी सहाला स्टँडवर आलो, तेव्हा शेवटची गाडी तासाभरापूर्वीच गेली होती. अंधार पडत होता, बरोबर लहान मूल होते, आणि स्थानकापर्यंतच्या जीपला आम्ही जे पैसे दिले ते दोन रात्रींच्या खोलीपेक्षा जास्त होते. तेव्हापासून एसटीच्या चौकशी खिडकीवर जाऊन शेवटच्या गाडीची वेळ विचारायची, फलकाचा फोटो काढायचा, आणि परतीसाठी शेवटची गाडी न धरता तिच्या आधीची धरायची, असा नियम आमच्या घरात आहे.

वहीतल्या उजव्या रकान्यात ती वेळ लिहून झाली की तिच्यातून मागे मोजावे : स्टँडवर अर्धा तास आधी, त्याआधी जेवण, त्याआधी खोली सोडणे. जो वेळ उरेल तो फिरण्याचा. कसारा किंवा नेरळला पोहोचल्यावर रविवारी संध्याकाळी लोकलला भयंकर गर्दी असते. मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर दुपारी चारच्या आत गाडीत बसता येईल असे पाहावे. बसायला जागा मिळाली की तिथेच, आठवण ताजी असताना, प्रत्येक खर्चापुढे खरा आकडा लिहून टाकावा आणि ज्या घरी राहिलो त्यांचा क्रमांक त्याच पानावर उतरवून ठेवावा.