स्ट्रॅटचा ब्रिज बदलायचाय? आधी हे मोजा

स्वस्त स्ट्रॅट-टाइप (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या) इलेक्ट्रिक गिटारचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो धातूचा भाग, बदलायचा असेल तर ऑर्डर टाकायच्या आधी स्केल घेऊन बसा. 6 स्क्रूवाल्या ब्रिजमधे पहिल्या ते शेवटच्या स्क्रूचं अंतर फेंडरच्या जुन्या पद्धतीत 56 मिमीच्या आसपास असतं, पण कॉपी गिटारींमधे बरेचदा 52.5, म्हणजे चुकीचा आणला की भोकं बुजवून नवी पाडा, कोणी सांगितलंय! बॉडीची जाडीही बघा, पातळ बॉडीत पूर्ण लांबीचा ब्लॉक (ब्रिजखाली बॉडीत उतरणारा धातूचा ठोकळा) मागून बाहेर येतो.

खरं सांगू, सगळा ब्रिज बदलायची गरज नसतेच, झिंकचा ब्लॉक काढून स्टीलचा टाकला तरी सस्टेनमधे (सूर किती वेळ टिकतो त्यात) फरक जाणवतो असं बऱ्याच जणांचं मत, माझंही. तारा सैल करून काढा, मागच्या स्प्रिंगा काढा, ब्लॉकचे 3 स्क्रू खोला, नवा बसवा. क्लॉला (स्प्रिंगा अडकवायच्या पट्टीला) सोल्डर केलेली ग्राउंड वायर मात्र तुटू देऊ नका, नाहीतर अँपमधे नुसती गुणगुण.

स्प्रिंगा आणि तारा परत लावून ट्यून करा, ब्रिज मागून साधारण 3 मिमी उचललेला ठेवा. मग इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर लागणं: 12व्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो छोटा तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे, आणि दर वेळी परत ट्यून.