सूडाची पटकथा: खून ७५व्या पानावर उरका

नागपुरात घडणारा सूडाचा थ्रिलर लिहायला घेतलात, तर खून शेवटासाठी राखून ठेवू नका. १२० पानांच्या संहितेत (एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट) तो ७५व्या पानाच्या आसपास उरका. पुढची ४५ पानं अपराधाच्या ओझ्याला लागतात. ती नसली की नायक एका संवादात पस्तावतो आणि सिनेमा तिथेच बसतो.

आधी वहीत तीन रकाने आखा: खरं काय घडलं, नायकाला काय वाटतं, प्रेक्षकाला काय ठाऊक आहे. पहिल्या दोघांत फरक हवाच. समजा, नायक धरून चाललाय की त्याच्या भावाला कळमना बाजारातल्या एका अडत्याने गाडीखाली चिरडलं. गाडी अडत्याचीच, पण चालवत होता त्याचा सतरा वर्षांचा पोरगा. बापाने आळ अंगावर घेतला. हे प्रेक्षकाला खुनाच्या दहा पानं आधी कळू द्या, नायकाला नंतर. उलट केलं तर नुसता धक्का बसतो, जीव टांगणीला लागत नाही. अडत्याला दोन-तीन प्रसंगांत चांगुलपणाही द्या, नाहीतर प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळा होतो.

अपराध सवयीतून दिसतो. मे महिना, पारा ४५ अंशांवर, आणि हा माणूस रात्री कूलर बंद करतो, कारण त्या घरघरीत फाटकाची कडी ऐकू येत नाही. बायको विचारते, “कूलर काहून बंद केला जी?” तो म्हणतो, “पाणी सरलं.” पुढच्या शॉटमध्ये टाकी काठोकाठ भरलेली. रडण्याचा प्रसंग मग लिहूच नका.

कायद्यात बहुतेक जण घसरतात. खून १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा असेल तर ‘३०२’ नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. ठाण्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा ठरत नाही; त्यातून हत्यार सापडलं, तर तेवढाच भाग चालतो. खरा प्रसंग दंडाधिकाऱ्यापुढे आहे. कबुली देण्याची सक्ती नाही, दिली तर तुमच्याविरुद्ध वापरली जाईल, असं दंडाधिकाऱ्याला आधी बजावावंच लागतं. सुटायची वाट समोर उघडी असताना नायक बोलतो की गप्प बसतो, याला चार पानं द्या.

सामूहिक सूड लिहायचा असेल तर १३ ऑगस्ट २००४ चं प्रकरण वाचून काढा. वस्तीला छळणाऱ्या गुंडाला जमावाने नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच ठार मारलं. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. पण तुमच्या कथेत कॅमेरा जमावावर ठेवलात तर अपराध कुणाचाच उरत नाही. जमावातली एकच बाई निवडा, शक्यतो वार न केलेली, नुसती दार अडवून उभी राहिलेली.

शेवटी इन्स्पेक्टरच्या तोंडचं न्याय-अन्यायाचं भाषण असेलच, ते खोडा. मग मसुदा दोघांना वाचायला देऊन विचारा, नायकाला शिक्षा व्हावी का? दोघांनी पटकन एकच उत्तर दिलं, तर अडत्याचे प्रसंग पुन्हा लिहायला बसा.