जुनं वीजघर पुन्हा वापरात आणताना

जुनं वीजघर हाती आलं की आधी मजल्यांचा हिशोब होतो, आणि तिथेच घोळ होतो: उंच यंत्रदालनात मजले घालायचा मोह होतो. लंडनचं बँकसाइड वीजघर १९८१ मध्ये बंद पडलं आणि २००० मध्ये ‘टेट मॉडर्न’ हे कलासंग्रहालय म्हणून खुलं झालं. त्याचं टर्बाइन दालन, म्हणजे यंत्रदालन, ३५ मीटर उंच, १५२ मीटर लांब. वास्तुकारांनी ते मोकळंच ठेवलं आणि गॅलऱ्या शेजारच्या बॉयलरघरात घातल्या. तेव्हा यंत्रदालनाला हात न लावता किती जागा मिळते ते आधी मोजा.

कामगार आत शिरण्याआधी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन आहे का ते तपासून घ्या. प्रमाण ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) वर निघालं तर तेलासकट टाकीही घातक कचरा ठरते; भंगारवाल्याला देऊ नका. नळांवरच्या वेष्टनात अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ते कोरडं ओरबाडू नये, अधिकृत पथकाकडून ओलं करून उतरवावं.

आता भिंती. बँकसाइडला ४२ लाख विटा लागल्या, पण भार पेलतो आतला पोलादी सांगाडा. अशा इमारतीत खांबाच्या रेषेत सरळ उभी चीर दिसली तर बहुधा आतलं पोलाद गंजून फुगलंय. पायऱ्यांसारखी तिरपी चीर असेल तर पाया तपासा. गंजाची चीर सिमेंटने बुजवली तर ती पुन्हा उघडतेच. तिथल्या विटा काढा, पोलाद चकाकेपर्यंत घासा, जस्तयुक्त प्रायमर द्या आणि वीट परत लावताना पोलादाला चिकटवू नका.

विटांमधले सांधे (दरजा) भरायला चुनाच हवा. सिमेंट ओल अडवतं. मग ती विटेतून बाहेर पडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि विटेचा पापुद्रा सुटतो. जुना माल हातछिन्नीने सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० मिमी खोल काढा. ग्राइंडर विटांच्या कडा खातो. सांधा भिजवा, एक भाग मुरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग चाळलेली वाळू घट्ट दाबून भरा, आठवडाभर ओलं गोणपाट ठेवा. आपल्याकडे हे काम पावसाळ्यात काढू नये.

टर्बाइनचा पाया सहसा इमारतीच्या पायापासून सुटा असतो. तो ब्रेकरने फोडला तर हादरे भिंतींपर्यंत जातात. हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने कापा, नाहीतर तसाच ठेवून त्यावर फरशी घाला. केबलचे चर मात्र बुजवू नका. नव्या तारा त्यातूनच जातील, फक्त पाणी उपसायला खड्डा आणि पंप ठेवा.