हातोडा पडण्याआधी लादी घरात हवी

डोंबिवलीतली आमची इमारत चाळिशी ओलांडलेली. बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं तेव्हा आम्ही घरातच राहत होतो, सासूबाईंसकट. काम संपेपर्यंत दुसरीकडे राहायची सोय असलेल्यांसाठी हे नाही. धुळीत पोळ्या लाटणाऱ्यांसाठी आहे.

लादी, नळ, नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जिथून जातं तो जमिनीतला भाग), कमोड हे सगळं घरात येऊन पडेपर्यंत तोडफोड सुरू करू देऊ नका. कंत्राटदार म्हणतोच, "ताई, तोडायला घेऊ, माल येतोच आहे." एकदा बाथरूम फुटलं की तुम्ही त्याच्या तालावर. माल गुजरातेतल्या मोरबीहून यायचा असेल तर दुकानदाराच्या "परवा"वर तारखा ठरवू नका. लादीच्या खोक्यावर शेड (रंगछटा) आणि बॅच छापलेली असते; सगळ्या खोक्यांवर तीच आहे ना, ते टेम्पो उभा असतानाच बघा. मापापेक्षा दहा टक्के जास्त घ्या. शेवटी पाच लाद्या कमी पडल्या तर त्याच बॅचच्या मिळतीलच असं नाही, आणि मग काम तिथंच अडतं.

आणि बाथरूम व ओटा एकाच वेळी फोडायचा नाही. कंत्राटदाराला ते सोयीचं असतं, आपल्याला नाही.

माणसं कधी गायब होणार हे बरंचसं आधीच कळतं, फक्त विचारायला हवं. कोण कुठला आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. कोकणातला गवंडी शिमग्याला आणि गणपतीला जाणार. बिहारचा दिवाळीला गेला तर छठ झाल्याशिवाय येत नाही. आमचा प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा, तिकडचे पुष्कळ जण या धंद्यात आहेत. जूनच्या मध्यावर त्यांचा रज सण असतो. सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा, सुतार त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाही. या तारखांवर चिडून काही होत नाही. त्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवसांत सुकण्याची कामं येतील असं बघा.

कारण काही उशीर हवेच असतात. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरायचं आणि निदान ४८ तास तसंच ठेवायचं. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा आणि त्यांच्या छताकडे स्वतः जाऊन बघा. मिस्त्री रात्रभरानंतरच "झालं टेस्टिंग" म्हणून लादी लावायला बसतो. बसू देऊ नका. प्लास्टरला निदान आठवडाभर दोन वेळा पाणी मारायचं. हे काम बिगाऱ्यावर सोडलं तर रविवारी पाणी पडत नाही, म्हणून नळी मी स्वतःच धरायचे. भिंत ओली असताना पुट्टी लावली की पोपडे येणारच. घाई करायचीच तर बेसिन निवडताना करा.

जुन्या घरात भिंत फोडली की काहीतरी निघतंच. आमच्याकडे गंजून चाळणी झालेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप निघाला. अशा वेळी हातचे पैसे लागतात, म्हणून ठरलेल्या खर्चाच्या पंधरा-वीस टक्के बाजूला असू द्या. जास्तीच्या कामाचा भाव काम सुरू होण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी "बघून घेऊ" चालत नाही. नवे पाईप बुजवण्याआधी शेजारी टेप धरून फोटो काढा. पुढे गीझर टांगताना ड्रिल कुठं मारायचं नाही ते कळतं.

पैशांचं म्हणाल तर रोजावर काम देऊ नका, उक्तं द्या (म्हणजे सगळ्या कामाचा एकच ठरलेला भाव), आणि हप्ते तारखेला नाही, कामाला बांधा: पाण्याची टेस्ट झाली की एक, लादी लागली की एक. शेवटचे दहा टक्के नळ-फ्लश चार दिवस वापरून बघितल्यावरच.

तरीही कंत्राटदारानं फोन उचलणं बंद केलं, तर आठवडाभर वाट बघा, मग झालेल्या कामाची मापं आणि फोटो घेऊन त्याला लेखी कळवा की दुसरा माणूस लावतोय. नवा मिस्त्री आल्या आल्या आधीच्याचं सगळं काम चुकीचं ठरवेल. सगळेच ठरवतात. त्याच्या सांगण्यावरून लगेच काही फोडू नका. पुन्हा पाणी भरून बघा, गळलं नाही तर ते काम तसंच ठेवा. सोसायटीत नव्या माणसाचं नाव तेवढं द्या, नाहीतर वॉचमन त्याला गेटवरच अडवेल.