लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर
नागपूरच्या मे महिन्यात धावून आल्यावर मांड्या दगडासारख्या घट्ट झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी आली, तर ‘ऊन लागलं’ म्हणत पन्ह्यावर भागवू नका. स्नायू फुटून त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. लगेच मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा एम्स गाठा. सीके (स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणारं एन्झाइम), पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), ईसीजी करून घ्या. लघवीच्या तपासणी-पट्टीवर रक्त दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नसतात, ही मोठी खूण. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही वेदनाशामकं टाळाच.

दुसऱ्यांदा असं झालं, तर जनुक तपासणी हवीच. चालायला लागताच दुखतं आणि दहाएक मिनिटांनी पाय मोकळे होतात? मॅकआर्डलचा (स्नायूंना साठवलेली साखर वापरता न येण्याचा जन्मजात आजार) संशय घ्या. उपवासात, तापात किंवा लांबच्या चालण्यानंतर त्रास उसळतो? मग संशय सीपीटी-२ च्या कमतरतेचा (स्नायूंना चरबीतून ऊर्जा न मिळण्याचा जन्मजात आजार), अशांनी निर्जळी उपवास करू नये.